क्रॉसमॅच जुळतोय, पण पॅनेलच्या दोन पेशी अँटी-ई मध्ये बसत नाहीत. पिशव्या द्याव्यात का?

दुसरी_पाळी (ठाणे)

नमस्कार. घाई आहे, थेट मुद्द्यावर येते.

रुग्ण ४६ वर्षांच्या बाई, बी पॉझिटिव्ह. फायब्रॉइडमुळे रक्तस्राव, हिमोग्लोबिन ६.२. परवा गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया आहे आणि दोन पॅक सेल मागवलेत. तीन बाळंतपणं झालीत, पाच आठवड्यांपूर्वी दुसरीकडे दोन पिशव्या चढवल्यात. तिथल्या अँटिबॉडी स्क्रीनचा कागद नातेवाइकांकडे नाही.

जेल कार्डवर आयएटी (बाईंच्या प्लाझ्मात परक्या पेशींविरुद्धची अँटिबॉडी शोधणारी चाचणी) असा आला:

स्क्रीनिंग: पहिली पेशी निगेटिव्ह, दुसरी ३+, तिसरी निगेटिव्ह.
११ पेशींचं पॅनेल (अँटिजन आधीच माहीत असलेल्या पेशींचा संच): ३ नंबर ३+, ५ आणि ११ नंबर २+, ४ आणि ९ अगदी पुसट, जेमतेम डब्ल्यू+. बाकी सहा निगेटिव्ह. ऑटो कंट्रोल (बाईंचा प्लाझ्मा त्यांच्याच पेशींवर) निगेटिव्ह.

३, ५, ११ या तिन्ही बिग ई (आरएच गटातला कॅपिटल E अँटिजन) पॉझिटिव्ह आहेत, त्यामुळे त्याविरुद्धची अँटिबॉडी, अँटी-ई, उघड दिसतोय. ४ आणि ९ मात्र दोन्ही आरआर, म्हणजे बिग ई नाहीच. बी पॉझिटिव्हच्या चार पिशव्या क्रॉसमॅचला (बाईंचा प्लाझ्मा दात्याच्या पेशींवर) लावल्या. तीन जुळल्या, चौथी २+ आली. जुळलेल्या तिन्ही अँटीसीरमने तपासल्या, बिग ई निगेटिव्ह आहेत.

यातल्या दोन देऊन टाकाव्यात का? ४ आणि ९ चा पुसटपणा जेलचा दोष मानता येईल का?

इम्युनोहेम_नेरूळ

ताई, पिशव्या अजून हातातून सोडू नका.

अँटीग्राम (पॅनेलच्या कोणत्या पेशीवर कोणता अँटिजन आहे त्याचा तक्ता) समोर घ्या आणि ४ व ९ च्या ओळी शेवटपर्यंत आडव्या वाचा. आरएचच्या रकान्यांवर थांबू नका, डफी, किड, एमएनएस हे बाकीचे रक्तगट, सगळं बघा. माझा अंदाज आहे की दोन्ही पेशी जेके-ए पॉझिटिव्ह आणि जेके-बी निगेटिव्ह (हे किडचे दोन अँटिजन) असतील. निगेटिव्ह आलेल्या सहांपैकी काहींवरही जेके-ए असेल आणि त्यावरूनच तुम्ही तो खोडला, म्हणजे शक्यतांतून वगळला असेल. पण त्या पेशींवर जेके-बी सुद्धा आहे का ते तपासा. आईकडून ए आणि वडिलांकडून बी आलेल्या पेशीवर जेके-ए निम्मंच असतं. अँटिबॉडी अशक्त असेल तर अशी पेशी सरळ निगेटिव्ह दिसते. म्हणून किड, डफी, एमएनएस, तसंच सी आणि ई यांच्या बाबतीत खोडायचं ते फक्त दुहेरी मात्रेच्या (आई-वडील दोघांकडून तोच अँटिजन आलेल्या) पेशीवर. एकेरीवर खोडलं तर नेमकी हीच फसगत होते.

स्क्रीनिंगची दुसरी पेशीही बघा. ती आर-टू-आर-टू (बिग ई दुहेरी) असणार, म्हणून तिची ३+ तुम्ही पूर्णपणे बिग ई च्या नावावर टाकलीत. तिच्यावर दुहेरी जेके-ए असेल तर तिथे दोन अँटिबॉडी एकावर एक बसल्यात. पॅनेलमधली ३ नंबर ही ५ आणि ११ पेक्षा एका पायरीने जास्त आली, त्याचंही कारण बहुधा हेच.

आता तुमच्या तीन जुळणाऱ्या पिशव्या. आपल्याकडच्या रक्तदात्यांत जवळपास निम्म्यांवर जेके-ए आणि जेके-बी दोन्ही असतात. या बाईंचा प्लाझ्मा अशा एकेरी मात्रेच्या पेशी सोडून देतोय, हे पॅनेलवरच दिसलं. मग पिशवी जुळली याचा अर्थ एवढाच की आजच्या प्लाझ्माला ती दिसली नाही. चढवल्यावर पाच-सात दिवसांत अँटिबॉडी उसळेल आणि दिलेल्या पेशी फुटायला लागतील. उशिराने होणाऱ्या हिमोलिसिसमध्ये किड कायम पुढे असतो. ही अँटिबॉडी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत इतकी उतरते की स्क्रीनमध्ये सापडत नाही, आणि पेशी पुन्हा दिसल्या की झटकन चढते. पूरकही (रक्तातली पेशी फोडणारी प्रथिनं) बांधते, त्यामुळे काही वेळा हिमोलिसिस थेट रक्तवाहिनीतच होतं.

आज रात्री करायच्या गोष्टी:

डीएटी (बाईंच्या शरीरातल्या पेशींवर अँटिबॉडी किंवा पूरक आधीच बसलंय का, ही चाचणी) करा, आधी दोन्ही एकत्र शोधणारी पॉलिस्पेसिफिक आणि मग आयजीजी (अँटिबॉडी) व सी३डी (पूरक) वेगवेगळी. ऑटो कंट्रोल निगेटिव्ह आहे म्हणून ही वगळू नका. पॉझिटिव्ह आली तर इल्युएट (पेशींवरून सोडवलेली अँटिबॉडी) काढून पॅनेलवर लावा, कारण मागच्या पिशव्यांच्या उरलेल्या पेशींवर अँटिबॉडी बसलेली असू शकते.

पपेन या विकराने (एन्झाइमने) प्रक्रिया केलेलं पॅनेल लावा. आरएच आणि किडच्या रिॲक्शन पपेनने चढतात. डफी-ए, डफी-बी, एम, एन आणि बहुतेकदा एस नाहीसे होतात. केलला फरक पडत नाही. किड शोधताना पपेननंतर आयएटीच करा, नुसत्या न्यूट्रल कार्डवर थांबू नका. ४ आणि ९ चढल्या तर किड. गायब झाल्या तर डफी किंवा एमएनएसकडे वळायचं.

जेके-ए सिद्ध करायला बिग ई नसलेल्या तीन पॉझिटिव्ह आणि तीन निगेटिव्ह पेशी लागतील. तुमच्याकडे पॉझिटिव्ह दोनच आहेत. तिसरी दुसऱ्या लॉटच्या पॅनेलमधून घ्या. मुदत संपलेलं पॅनेल फ्रिजमध्ये असेल तर कंट्रोल लावून वाढीव पेशीसाठी चालतं, खोडण्यासाठी मात्र ते वापरू नका.

बाईंचं स्वतःचं फेनोटाइप (त्यांच्या पेशींवर कोणते अँटिजन आहेत ते) आत्ता करू नका. पाच आठवड्यांपूर्वीच्या दात्याच्या पेशी अजून फिरताहेत, मिश्र क्षेत्र दिसेल आणि उत्तर चुकेल. रक्त चढवण्याआधीचा नमुना कुठे राहिलाय का ते विचारा. नसेल तर जनुकीय तपासणी, ती दात्याच्या पेशींनी फारशी बिघडत नाही.

आणि वॉर्डला एक प्रश्न जरूर विचारा: मागच्या दोन पिशव्यांनंतर हिमोग्लोबिन किती चढलं होतं आणि किती दिवसांत उतरलं? सगळं फायब्रॉइडच्या माथी मारण्याआधी बिलिरुबिन आणि एलडीएच (पेशी फुटल्या की वाढतात) बघून घ्यायला हवं.

जेलकार्ड_ऐरोली

वरच्या सगळ्याशी सहमत. "जेलचा दोष" या शंकेपुरतं सांगतो. ती अनाठायी नाही, पण तपासूनच बाजूला सारायची.

तयार ०.८ टक्क्यांच्या पेशी असतील तर प्रश्न कमी. दात्याच्या पेशी हाताने बनवताना एक मिलिलिटर डायल्युएंटमध्ये दहा मायक्रोलिटर घट्ट पेशी, एवढंच. सेगमेंट (पिशवीच्या नळीचा सील केलेला तुकडा) दाबून अंदाजाने थेंब टाकला की सस्पेन्शन दाट होतं. प्लाझ्मातली थोडी अँटिबॉडी जास्त पेशींवर विभागली जाते आणि पुसट रिॲक्शन नाहीशी होते. म्हणजे दाट सस्पेन्शननेही क्रॉसमॅच "जुळू" शकतो. पेशी ५० मायक्रोलिटर, प्लाझ्मा २५ मायक्रोलिटर, ३७ अंशांवर १५ मिनिटं, मग १० मिनिटं सेंट्रिफ्यूज. आधी पेशी, नंतर प्लाझ्मा, आणि पिपेटचं टोक जेलला लागता कामा नये.

खरी डब्ल्यू+ रिॲक्शन असेल तर तळाच्या बटणाची वरची कड खडबडीत दिसते आणि जेलच्या खालच्या तिसऱ्या भागात काही ठिपके लटकलेले राहतात. जेलच्या माथ्यावर गुलाबी रेघ आणि खाली स्वच्छ बटण असेल तर ते फायब्रिन. सीरम पूर्ण गोठायच्या आत वापरलं की हे होतं, पुन्हा सेंट्रिफ्यूज करून लावायचं. कार्डही उजेडात धरून बघा. ती १८ ते २५ अंशांत ठेवायची असतात. आपल्याकडे मे महिन्यात रात्री एसी बंद राहिला की जेलवरचं द्रव आटतं, जेलला तडा जातो, फॉइलखाली थेंब चिकटलेले दिसतात. असं कार्ड सरळ टाकून द्यायचं.

४ आणि ९ नव्या कार्डवर दोनदा लावा. दोन्हीदा तीच खडबडीत कड आली तर तो दोष नाही.

अजून एक. किडचा संशय असेल तर लाल झाकणाच्या साध्या नळीतलं ताजं सीरमही घ्या. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे प्लाझ्मात पूरक बांधलंच जात नाही. ताजं सीरम आणि पॉलिस्पेसिफिक एएचजी (अँटिबॉडी किंवा पूरक बसलेल्या पेशींच्या गुठळ्या करणारं सीरम) घेऊन नळीत केलं तर काही अशक्त किड तिथेच उघडे पडतात. नळीत सीरमचे दोनऐवजी चार थेंब घेता येतात. चार वेळा धुवायचं, शेवटच्या धुण्याचं पाणी पूर्ण झटकायचं आणि निगेटिव्ह प्रत्येक नळीत चेक सेल (आधीच अँटिबॉडी बसवलेल्या पेशी) टाकायच्या. चेक सेलच्या गुठळ्या झाल्या नाहीत तर ती चाचणी झालीच नाही असं धरा.

दुसरी_पाळी (ठाणे)

खूप आभार. रात्री आणि आज सकाळी केलेलं इथे टाकते.

४ आणि ९ दोन्ही जेके-ए दुहेरी. ३ नंबर आणि स्क्रीनिंगची दुसरी पेशीसुद्धा. ५ आणि ११ वर जेके-ए नाही, तरी २+ आहेत, म्हणजे अँटी-ई स्वतंत्रपणे पक्का. निगेटिव्ह सहांपैकी १, ६, ७, १० एकेरी आहेत आणि मी त्यांच्यावरच जेके-ए खोडला होता.

पपेननंतर आयएटी: ४ आणि ९ आता २+. एकेरी चारही १+ किंवा डब्ल्यू+. जेके-ए नसलेल्या २ आणि ८ स्वच्छ निगेटिव्ह. जुन्या लॉटमधली तिसरी दुहेरी पेशीही २+. डीएटी निगेटिव्ह. बिलिरुबिन १.१, एलडीएच थोडं वाढलेलं. मागच्या वेळी हिमोग्लोबिन ८.४ पर्यंत गेलं होतं.

म्हणजे अँटी-ई आणि अँटी-जेके-ए. आता पिशव्या किती शोधाव्या लागतील?

इम्युनोहेम_नेरूळ

छान काम. हिशेब असा: बिग ई नसलेले दाते सुमारे ८० टक्के, जेके-ए नसलेले सुमारे २० टक्के. ०.८ गुणिले ०.२ म्हणजे ०.१६. दोन पिशव्या हव्यात, २ भागिले ०.१६ म्हणजे साडेबारा. तेरा-चौदा पिशव्या धुंडाळायची तयारी ठेवा. बी पॉझिटिव्ह अपुऱ्या असतील तर ओ चे पॅक सेलही मोजा.

अँटी-जेके-ए ची बाटली महाग असते, म्हणून सगळ्या पिशव्यांवर ते सीरम ओतू नका. आधी बाईंच्याच प्लाझ्माने क्रॉसमॅच लावा. बिग ई असलेल्या आणि दुहेरी जेके-ए च्या पिशव्या तिथेच गळतील. उरलेल्यांवर आधी अँटी-ई, मग जे राहील त्यावर अँटी-जेके-ए. कंट्रोल म्हणून पॉझिटिव्हला एकेरी पेशी घ्या, दुहेरी नको, कारण सीरम कमकुवत झालं असेल तर ते एकेरीवरच कळतं. निगेटिव्हला जेके-बी दुहेरी. सीरम आयएटीने वापरायचं असेल तर दात्याची डीएटी आधी करा. ती पॉझिटिव्ह असेल तर प्रत्येक अँटिजन पॉझिटिव्ह दिसेल.

नमुन्याची तारीखही बघा. तीन महिन्यांत रक्त चढलेलं असल्यामुळे हा नमुना तीन दिवसच चालतो आणि घेतल्याचा दिवस शून्य धरायचा. शस्त्रक्रिया एक दिवस जरी पुढे गेली तरी नवा नमुना मागवा.

आरएच_पूर्ण (कोपरखैरणे)

माझा आग्रह स्मॉल सी (आरएचचाच लहान c अँटिजन) पण निगेटिव्ह देण्याचा आहे. आपल्याकडे आर-वन-आर-वन हा सर्वांत सामान्य आरएच प्रकार. या बाई तशा असतील तर त्यांच्याकडे बिग ई सोबत स्मॉल सी पण नाही. मागच्या पिशवीतून बिग ई गेला, म्हणजे जवळपास नक्कीच त्याच पेशींवरून स्मॉल सी पण गेला. अँटी-ई झालाय, स्मॉल सी ची अँटिबॉडी रांगेत उभी आहे. आत्ता स्मॉल सी असलेल्या आरआर पेशींवर ती दिसत नसेल, पण पुढच्या खेपेला दिसू शकेल.

शोधायलाही वाटतं तितकं अवघड नाही. स्मॉल सी नसलेले दाते सुमारे ४५ टक्के, आणि ते जवळपास सगळेच बिग ई निगेटिव्ह असतात, कारण बिग सी आणि बिग ई एकाच गुणसूत्रावर एकत्र क्वचित येतात. त्यामुळे इथे ०.८ ने पुन्हा गुणायचं नाही. नेहमीच्या गुणाकारात इथेच चूक होते. स्मॉल सी निगेटिव्ह घेतला की बिग ई आपोआप मिटतो, तरी तपासायचा.

इम्युनोहेम_नेरूळ

तत्त्व मान्य, आणि थॅलेसेमियाच्या मुलांसाठी तर मी ते अट म्हणून धरीन. त्यांना पहिल्या पिशवीपासूनच सी, ई आणि केल जुळवून द्यायला हवं. दर दोन-चार आठवड्यांनी आयुष्यभर रक्त लागणाऱ्या मुलात एक अँटिबॉडी झाली की दुसरी मागोमाग येते.

पण इथे ०.४५ गुणिले ०.२ म्हणजे ०.०९, दोन पिशव्यांसाठी बावीस-तेवीस तपासाव्या लागतील. बाई ४६ वर्षांच्या, गर्भाशय निघणार आहे, म्हणजे पुढच्या बाळाचा धोका नाही. स्मॉल सी नसल्याचं अजून ठरलेलंही नाही. जेके-ए निगेटिव्ह आणि बिग ई निगेटिव्ह ही अट, स्मॉल सी मिळाला तर उत्तम. स्मॉल सी च्या मागे लागून शस्त्रक्रियेच्या दिवशी पिशवीच हातात नाही, असं होता कामा नये. आणि शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर शिरेतून लोह देऊन दोन-तीन आठवडे थांबता येईल का, हे सर्जनशी बोलाच. रक्तच लागलं नाही, तर याहून चांगलं काय.

पनवेल_लॅब

थोडं विषयांतर, पण उपयोगी म्हणून विचारतो. स्क्रीनच्या तिन्ही आणि पॅनेलच्या अकराही पेशी पॉझिटिव्ह आणि ऑटो कंट्रोल निगेटिव्ह असेल तर सुरुवात कुठून करायची?

इम्युनोहेम_नेरूळ

आधी गट बघा. रुग्ण ओ लिहिलाय आणि ओ च्याच पेशी खोलीच्या तापमानातही ४+ येताहेत, तर अँटी-एच लेक्टिन (पेशीवर एच अँटिजन आहे का ते दाखवणारं द्रव्य) लावा. एच अँटिजनच नसलेला बॉम्बे गट आपल्याच भागात, मुंबईत १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी प्रथम वर्णिला. पॅनेलच्या सगळ्या पेशी ओ असतात आणि त्यांच्यावर एच भरपूर असतं, म्हणून बॉम्बेवाल्याला त्या सगळ्याच लागतात. रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये ओ पेशी लावायची सवय असेल तर हे पहिल्या पाच मिनिटांतच कळतं.

मग औषधं विचारा. मायलोमाचा रुग्ण डॅराटुमुमॅबवर असेल तर आयएटीमध्ये सगळं पुसट पॉझिटिव्ह येतं आणि शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांपर्यंत टिकू शकतं. ०.२ मोलर डीटीटी या रसायनाने पेशींवरचं सीडी३८ (हे औषध ज्याला चिकटतं ते प्रथिन) मोडतं आणि खालची अँटिबॉडी दिसते. डीटीटीने केलही मोडतो, म्हणून अशा रुग्णाला केल निगेटिव्ह पिशव्या द्या. उपचार सुरू करण्याआधीचा स्क्रीन आणि फेनोटाइप मागून ठेवला तर नंतरचा निम्मा त्रास वाचतो.

हे दोन्ही नसेल तर बहुतेक सगळ्यांमध्ये असणाऱ्या अँटिजनविरुद्धची अँटिबॉडी. आपल्याकडे अँटी-इन-बी विसरू नका. इंडियन ही रक्तगट प्रणाली (इन-ए, इन-बी) पेशीवरच्या सीडी४४ या प्रथिनावर असते, तिचा इन-ए अँटिजन मुंबईतच १९७३ मध्ये सापडला. इन-बी पपेननेही मोडतो आणि डीटीटीनेही, हाच धागा पकडायचा. बाहेरून आलेल्या पॅनेलमध्ये इन-बी नसलेली पेशी सहसा नसते. अशा वेळी रुग्णाची भावंडं तपासणं हा सर्वांत जवळचा मार्ग, कारण जुळणारी पिशवी घरातच मिळायची शक्यता चार जणांत एक इतकी असते.

आणि नमुना परळच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेकडे पाठवा. केईएमच्या आवारात आहे. ईडीटीएच्या दोन नळ्या, एक साधी मोठी नळी, न जुळणाऱ्या पिशव्यांचे सेगमेंट, तुमच्या पॅनेलच्या अँटीग्रामची निकाल लिहिलेली झेरॉक्स, बाळंतपणं, रक्त आणि औषधांचा इतिहास. नळी बर्फाच्या पॅकला चिकटू देऊ नका, मध्ये कापड किंवा पुठ्ठा ठेवा. लोकलच्या गर्दीत पेटी आडवी होते आणि पॅकला टेकलेली नळी गोठून हिमोलाइज झालेली पोचते. मग माणूस परत पाठवावा लागतो.

दुसरी_पाळी (ठाणे)

अपडेट. बी च्या नऊ आणि ओ च्या पाच, पहिल्या चार धरून एकूण १४ पिशव्या लावल्या. बाईंच्या प्लाझ्माने सहा गळल्या. उरलेल्या आठांत बिग ई एकही नाही, पण सहा जेके-ए पॉझिटिव्ह निघाल्या. माझ्या सुरुवातीच्या "जुळलेल्या" तीनही त्यातच होत्या. दोन मिळाल्या, एक बी आणि एक ओ. ओ वाली स्मॉल सी पण निगेटिव्ह. दोन्हींचा आयएटी क्रॉसमॅच निगेटिव्ह, त्यांच्यावर राखीवची चिठ्ठी लावून वेगळ्या कप्प्यात ठेवल्यात. सर्जनने शस्त्रक्रिया उद्याच ठरवली आहे. वॉर्डला काय लिहून देऊ?

जेलकार्ड_ऐरोली

पिशव्यांसोबत वॉर्डला हे कळवा: पहिली १५ मिनिटं संथ आणि माणूस शेजारी. त्यानंतर पाचव्या ते सातव्या दिवशी हिमोग्लोबिन, बिलिरुबिन, एलडीएच आणि डीएटी. चार आठवड्यांच्या आत अंगावर पिवळेपणा, गडद लघवी, ताप किंवा कारणाशिवाय हिमोग्लोबिन उतरलं तर नवा नमुना रक्तकेंद्रात पाठवायचा.

आणि बाईंच्या हातात कार्ड. सहा महिन्यांनी जेके-ए स्क्रीनमध्ये दिसणार नाही आणि दुसऱ्या रक्तकेंद्राला तुमची नोंदवही दिसत नाही. लॅमिनेट करून द्या, आधार कार्डासोबत ठेवायला सांगा आणि बाईंना स्वतःला वाचून दाखवा, फक्त यजमानांच्या हातात देऊ नका. मजकूर असा चालेल:

"माझ्या रक्तात अँटी-ई आणि अँटी-जेके-ए या अँटिबॉडी सापडल्या आहेत. मला रक्त देताना ई निगेटिव्ह आणि जेके-ए निगेटिव्ह पिशवी तपासून द्यावी. आजच्या तपासणीत अँटिबॉडी दिसली नाही किंवा क्रॉसमॅच जुळला, तरीही. तपासणीची तारीख, रक्तकेंद्राचा शिक्का, फोन."

"तरीही" च्या खाली रेघ मारा.